एकटीने उचलता येईल, तीच कयाक घ्या

पत्र: बरीच वर्षं मी काठावर बसून गळ टाकते आहे. आता तलावात आत, बुडलेल्या झाडांपाशी आणि पाणवनस्पतींच्या कडेला जायचंय, म्हणून मासेमारीची कयाक घ्यायचं ठरवलंय. समोर तीन पर्याय आहेत. एक 10 फुटी, वर बसायची (म्हणजे आत पाय न घालता सांगाड्याच्या वरच बसतात ती), 86 सेंटीमीटर रुंद, 27 किलोची, वल्ह्याने चालवायची. दुसरी 12 फुटी, पेडलची, 48 किलोची. विक्रेता म्हणतो हीच घ्या, पुन्हा दुसरी घ्यावी लागणार नाही. तिसरी हवा भरायची, 16 किलोची. उभं राहून गळ टाकता येईल अशी घ्यावी का? जुनी मिळाली तर चालेल का? माझं वजन 62 किलो, उंची 5 फूट 2 इंच. बहुतेक वेळा एकटीच जाते. गाडी लहान आहे. गाडीपासून पाण्यापर्यंत दगडगोट्यांचा उतार आहे. तलाव मोठा आहे आणि दुपारनंतर वारा सुटतो. पोहता येतं, पण जेमतेम.

उत्तर: नमस्कार. पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तुम्ही अगदी शेवटी लिहिलीत: एकटी जाते, उतार दगडांचा आहे, दुपारी वारा सुटतो, पोहणं जेमतेम. निवड इथूनच सुरू करायची. पेडल की वल्हं, रॉड किती लावता येतील, उभं राहता येईल का, हे सगळं नंतर. जी कयाक तुम्ही एकटीने गाडीवरून उतरवून पाण्यापर्यंत नेऊ शकता आणि पाण्यात पडलात तर जिच्यावर एकटीने परत चढू शकता, ती तुमची. बाकी कितीही देखणी असली तरी ती दुसऱ्या कुणासाठी आहे.

आधी वजनाचं बघू. विक्रेत्याला एक प्रश्न नक्की विचारा: हे 48 किलो म्हणजे नुसत्या सांगाड्याचे, की खुर्ची, पेडलचं यंत्र आणि सुकाणू धरून? माहितीपत्रकात बऱ्याचदा नुसत्या सांगाड्याचं वजन छापलेलं असतं. त्यात रॉड, आमिषाचे डबे, नांगर, पाण्याची बाटली धरली की आकडा आणखी चढतो. सकाळी उत्साहात हे जमून जातं. खरी परीक्षा परतताना असते. हात थकलेले असतात, कयाकचा तळ ओला आणि निसरडा असतो, आणि ती छातीच्या उंचीवर उचलून टपाच्या मागच्या कडेवर टेकवायची असते. एक टोक टेकवून दुसरं उचलून पुढे सरकवायची युक्ती आहे, ती जरूर वापरा. त्यामुळे एका वेळी साधारण अर्धंच वजन हातावर येतं. पण 27 किलोचं अर्धं आणि 48 किलोचं अर्धं यांत फार फरक आहे, विशेषतः 62 किलोच्या माणसाला. शिवाय तुमच्या गाडीच्या टपाला किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, त्यात टपावरच्या आडव्या दांड्यांचं वजनही धरायचं असतं.

दोन चाकांची ढकलगाडी मिळते आणि सपाट वाटेवर ती फार उपयोगी पडते. दगडगोट्यांच्या उतारावर मात्र चाकं अडकतात आणि जड कयाक तुम्हालाच खाली ओढू लागते. मग माणूस वैतागून ती फरफटत नेतो, आणि मागच्या टोकाचा तळ झिजून पातळ होतो. या कयाक बहुतेक पॉलिएथिलीनच्या असतात. हे प्लास्टिक आपटणं सहन करतं, सतत घासणं नाही.

आता पेडलबद्दल. मी पेडलच्या विरोधात अजिबात नाही. मासे पकडणाऱ्यासाठी पेडल हा फार मोठा फायदा आहे. पाय हातांपेक्षा ताकदवान असतात आणि दोन्ही हात रॉडसाठी मोकळे राहतात. वाऱ्यात एका जागी टिकून राहायचं असेल तर हळूहळू पेडल मारत थांबता येतं, आणि वल्ह्याने हे करताना गळ टाकायला हातच उरत नाही. होबी कंपनीने 1997 मध्ये पाण्याखालच्या फिरत्या पंख्याऐवजी माशाच्या परांसारखे दोन पडदे हलवणारं मिराजड्राइव्ह आणलं, तेव्हापासून या कयाकचं रूपच बदललं. दुसरा प्रकार पंख्याचा. त्यात पेडल उलटं मारलं की कयाक लगेच मागे येते. झाडाच्या फांद्यांतून मासा ओढून काढताना याचा चांगला उपयोग होतो. पण पंखा तळाखाली जवळपास अर्धा मीटर खोल जातो. तुम्हाला जायचंय बुडलेल्या झाडांपाशी आणि पाणवनस्पतींच्या कडेला. तिथे पंख्याला वेली गुंडाळल्या जातात आणि दर थोड्या वेळाने यंत्र वर उचलून साफ करावं लागतं. परांचा प्रकार उथळ पाण्यात तळाला चिकटवून घेता येतो, पण दाट वेलींचा त्यालाही त्रास होतोच. वल्ह्याला यातलं काही अडत नाही. तुमच्या जागा, तुमचा उतार आणि तुमचं वजन बघता हा फायदा 48 किलोंच्या मोबदल्यात महाग पडतो. तुमच्यासोबत कायम दुसरं माणूस असतं आणि पाण्यापर्यंत सपाट धक्का असता, तर मी वेगळं सांगितलं असतं.

हवेच्या कयाककडे लोक उगाच नाक मुरडतात. चांगल्या कयाकच्या तळात दोन थरांमध्ये हजारो धागे ओवलेले असतात, त्यामुळे भरपूर दाबाने हवा भरली तरी तळ फुग्यासारखा गोल होत नाही, फळीसारखा सपाट आणि कडक राहतो. गळाने ती लगेच फुटेल ही भीतीही अनाठायी आहे, जाड कापड तसं सहज फाटत नाही. घरी ठेवायला जागा अजिबात नसेल तर तीच घ्या. पण तुमच्या तलावावर वारा असतो, आणि हवेची कयाक पाण्यात कमी बुडते, पाण्यावर जास्त तरंगते. वारा तिला पानासारखी ढकलत नेतो. शिवाय दर वेळी भरायची, परतल्यावर धुवायची, पूर्ण वाळवून मगच घडी घालायची. ओली ठेवली तर बुरशी धरते. आणि भर उन्हात काठावर पूर्ण भरलेली ठेवू नका, आतली हवा प्रसरण पावून शिवणींवर ताण येतो.

म्हणजे उरली पहिली. तिच्याबद्दल माझी एकच तक्रार आहे, ती म्हणजे तिचा आकार. 10 फूट लांब आणि 86 सेंटीमीटर रुंद म्हणजे आखूड आणि रुंद. दुकानात किंवा शांत पाण्यात अशी कयाक फार भरवशाची वाटते, कारण बसल्या बसल्या ती हलत नाही. पण ही स्थिरता सपाट पाण्यापुरती असते. सपाट, रुंद तळ पाण्याच्या पृष्ठभागाला धरून राहतो. पाणी तिरकं झालं, म्हणजे बाजूने लाट आली, की तळही त्या उतारावर तिरका होतो. थोडा गोलसर किंवा मधे किंचित टोकदार तळ असलेली कयाक बसताक्षणी डुगडुगते, पण एका बाजूला कलल्यावर एका मर्यादेपर्यंत तिथेच तोलून धरते. पहिल्यांदा बसणाऱ्याला ही दुसरी स्थिरता जाणवतच नाही, म्हणून तो रुंद कयाक निवडतो. तुमच्या अंगकाठीला 76 ते 80 सेंटीमीटर रुंदी पुरेशी आहे. त्याहून रुंद असली की तुमचे हात दर वल्ह्याला काठाला घासतील आणि वल्हं लांब घ्यावं लागेल. लांब वल्हं म्हणजे जड वल्हं, आणि ते दिवसभर खांद्यावर येतं.

लांबीचं सांगतो. पाण्याला टेकलेली लांबी वाढली की कयाकचा सहज गाठता येणारा कमाल वेग वाढतो. पण 10 फुटांना तो हिशेबाने 4.2 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण 1.85 किलोमीटर) आणि 12 फुटांना 4.6 नॉट येतो, म्हणजे ताशी एक किलोमीटरहूनही कमी फरक. मासे पकडताना त्या वेगाने जातंय कोण? फरक पडतो तो सरळ जाण्यात. आखूड कयाक प्रत्येक वल्ह्याला नाक डावी-उजवीकडे हलवते आणि तुमची निम्मी मेहनत तिला वळवून सरळ करण्यात जाते. छोट्या तळ्यात हे चालून जातं, झाडांमधून वळताना सोयीचंही असतं. मोठ्या तलावावर, वाऱ्यात, अर्धा तास वल्हवत परत यायचं असतं तेव्हा खांदे बोलू लागतात. म्हणून 11 ते 11.5 फूट.

अजून एक गोष्ट विक्रेते फारशी सांगत नाहीत. मोठ्या माणसासाठी, जास्त वजनासाठी बनवलेली कयाक हलक्या माणसाला सोयीची नसते. छापलेल्या वजनक्षमतेच्या साधारण 70 टक्क्यांपर्यंत भार ठेवावा असा ठोकताळा आहे. तुमचे 62 आणि सामानाचे 15 किलो धरले तर 110 किलो क्षमतेची कयाकसुद्धा पुरते. 200 किलो क्षमतेच्या कयाकमध्ये तुम्ही बसलात तर ती पाण्यात पुरेशी बुडणारच नाही. उंच काठ वाऱ्यासमोर पडद्यासारखे उभे राहतील आणि तळाची पकड कमी होईल. 'जास्त क्षमता म्हणजे जास्त सुरक्षित' हे तुमच्या बाबतीत उलटं आहे.

आणि वाऱ्याचं नीट समजून घ्या, कारण तुमच्या तलावावर खरा प्रश्न तोच आहे. ताशी 12 ते 19 किलोमीटरच्या वाऱ्यात लाटांचे माथे फुटायला लागतात आणि पाण्यावर इथे-तिथे पांढरा फेस दिसतो. त्याच्या वरचा वारा असेल तर पांढरे ठिपके सगळीकडे दिसतात. नवख्याने पहिला पांढरा फेस दिसला की परत फिरायचं. लाट किती वाढेल हे वारा मोकळ्या पाण्यावरून किती अंतर वाहत आला यावर ठरतं, म्हणून ज्या काठाकडून वारा येतो तिथे पाणी शांत असतं आणि समोरच्या काठाला तेच पाणी आपटत असतं. सकाळी निघताना, दुपारी वारा कोणत्या दिशेने येतो ते ध्यानात घेऊन त्या बाजूला आधी जा. म्हणजे येताना वारा पाठीशी राहील. आणखी एक: कयाक चालत असताना नाक वाऱ्याकडे वळवू पाहते आणि थांबली की वाऱ्याला आडवी होते. म्हणून मागच्या बाजूला खाली सोडता येणारं पातं किंवा पायाने फिरवायचं सुकाणू असेल तर ते नुसती हौस म्हणून सोडून देऊ नका. मोठ्या तलावावर मी पैसे तिथे घालीन, मासे शोधणाऱ्या यंत्रावर नंतर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाण्यात पडल्यावर काय. आत बसायची कयाक मी तुमच्यासाठी बाजूला ठेवतो आहे ती याच कारणाने. ती उलटली की पाण्याने भरते आणि उपसून काढल्याशिवाय तिच्यात बसता येत नाही. वर बसायच्या कयाकच्या तळातून आरपार भोकं असतात, पाणी त्यातून आपोआप निघून जातं. उलटली तर पद्धत अशी. पोहत मधोमध या, उलट्या तळावरून हात पलीकडे टाकून पलीकडचा पट्टा किंवा कड धरा, गुडघे अलीकडच्या काठाला टेकवा आणि अंग मागे टाका. ती सरळ होईल. मग खुर्चीच्या जवळ या, पाय पाण्याच्या पृष्ठभागावर आडवे आणा, जोरात लाथा मारत छाती कयाकवर ओढा. गुडघ्यावर चढायला जाऊ नका, ती पुन्हा उलटेल. आधी पोट मधोमध, मग वळून बूड खुर्चीत, शेवटी पाय. हा क्रम पाठ करा.

इथे रुंदीचा दुसरा तोटा कळतो: सपाट रुंद तळाची कयाक उलटी झाल्यावरही तेवढीच स्थिर असते. तिला सरळ करायला फार जोर लागतो, आणि पाण्यात तुमच्या पायाखाली जमीन नसते. 48 किलोची, त्यात पेडलचं यंत्र अडकवलेली, ही गोष्ट तुमच्या आवाक्याबाहेर जाण्याची दाट शक्यता आहे. म्हणून घेण्याआधी पाण्यात नेऊन बघू देत नसतील तर घेऊ नका. लाइफ जॅकेट घालून, कुणाला तरी शेजारी उभं करून, कमरेच्या वर पाणी असेल अशा जागी मुद्दाम उलटवा आणि परत चढा. पहिल्याच खेपेला जमलं नाही तरी चालेल, पण जमेपर्यंत ती कयाक तुमची झाली असं समजू नका. हाताची ताकद कमी पडत असेल तर पट्ट्याचा एक फास बाजूला अडकवून त्यात पाय देऊन चढता येतं. मात्र ज्या बाजूने चढणार ती बाजू मोकळी ठेवा. रॉड अडकवायची उभी नळी, नांगराची दोरी, लोंबणारा पक्कड यांतलं काही तिथे नको.

लाइफ जॅकेट अंगावरच हवं, खुर्चीमागे खोचलेलं नको. मासेमारीसाठी उंच पाठीचं मिळतं, ज्यात खालचा भाग खुर्चीच्या पाठीला टोचत नाही. घातल्यावर कुणाला तरी दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत आलं तर ढिलं आहे. पोहणं जेमतेम असणं ही लाजायची गोष्ट नाही, जॅकेटशिवाय जाणं मात्र माफ नाही. कपडे हवेच्या नव्हे तर पाण्याच्या तापमानाप्रमाणे घाला. पाणी 15 अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर पडताक्षणी धाप लागते आणि श्वासावर ताबा राहत नाही. थंड पाण्यासाठी 1-10-1 असा आडाखा आहे: श्वास ताब्यात यायला साधारण 1 मिनिट, हातपाय नीट चालण्याची 10 मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण 1 तास. परत चढायचं ते त्या 10 मिनिटांत. शिट्टी जॅकेटला बांधा, मोबाइल पाणबंद पिशवीत अंगावर ठेवा, कुठे जाताय आणि कधी परतणार ते घरी सांगून जा.

उभं राहून गळ टाकायचं म्हणता, तर त्यासाठी साधारण 84 सेंटीमीटरच्या पुढची रुंदी लागते आणि मघाचे सगळे तोटे परत येतात. तुम्ही काठावरून मासेमारी करत आलात, म्हणून उभं राहण्याची सवय आहे हे समजतं. पण पाण्यात आत गेल्यावर मासा जवळच असतो, लांब फेकायची गरज तितकी राहत नाही. खुर्ची दोन उंचींवर बसवता येणारी घ्या. वरच्या उंचीवर दिसतं छान आणि गुडघेही दुखत नाहीत, पण दहा सेंटीमीटर वर बसलं तरी तोल बराच बदलतो. वारा आला की खाली बसवायची.

खुर्चीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो. नुसतं हाताने दाबून बघू नका, अर्धा तास बसून पाहा. धातूच्या चौकटीला जाळीचं कापड ताणलेली खुर्ची सगळ्यात बरी, पाणी साचत नाही आणि पाठीला घाम येत नाही. तुमच्या उंचीला पायाची टेकणी सगळ्यात जवळच्या खाचेत आणूनसुद्धा गुडघा थोडा वाकलेला राहतो का ते तपासा. पाय ताठ पसरून पोचत असेल तर जोर पायातून येणार नाही, सगळा कमरेवर पडेल. मग वळून, मागे हात नेऊन, खुर्चीमागच्या खोक्यातलं जाळं उचलता येतंय का ते बघा. मासा एका बाजूला, जाळं पाठीमागे, आणि तुम्ही पिळलेल्या कमरेने दोन्ही सांभाळताय: कयाक उलटायची ही अगदी ठरलेली वेळ. हात पोचत नसेल तर जाळं पुढे मांडीजवळ ठेवायची सोय करा. आणि मासा उचलताना डोकं काठाच्या बाहेर काढू नका. डोकं आत असलं की सहसा अंगही आत राहतं.

बाकी सामान सुरुवातीला कमीच ठेवा. मागे रॉडच्या दोन नळ्या, एक खोकं, रॉडला आणि वल्ह्याला बांधलेली दोरी, एवढ्यावर पहिला हंगाम छान जातो. जागा, वारा, तुमच्या सवयी कळल्या की पुढचं आपोआप ठरतं, आणि तोवर प्लास्टिकमध्ये भोकं पाडलेली नसतात. नांगर दीड किलोचा, मिटता येणारा पुरे. दोरी पाण्याच्या खोलीच्या किमान तिप्पट ठेवा. तो नेहमी पुढच्या किंवा मागच्या टोकातून सोडा, कधीही मधल्या बाजूला बांधू नका. बाजूला बांधलेला नांगर दगडात अडकला आणि लाट आली तर तीच दोरी कयाक खाली ओढते. दोरी कापायला चाकू जॅकेटवर, एका हाताने काढता येईल असा. वल्हं तुम्हाला 230 ते 240 सेंटीमीटरचं चालेल. यात कंजुषी करू नका, दिवसभर हजारो वेळा तेच उचलायचं आहे.

तर माझं मत असं: वर बसायची, 11 ते 11.5 फूट, 76 ते 80 सेंटीमीटर रुंद, सगळ्यासकट 30 किलोच्या आत, मागे पातं किंवा सुकाणू असलेली वल्ह्याची कयाक शोधा. ती मिळतच नसेल आणि या तिघींतूनच निवडायची असेल तर पहिली घ्या, पण मग मोठ्या पाण्यात आत न जाता काठाकाठाने आणि सकाळच्या वेळेतच वापरा.

जुनी जरूर घ्या. प्लास्टिकची कयाक नीट ठेवली तर टिकते. तळावरचे बारीक ओरखडे सोडून द्या. मागच्या टोकाला तळ झिजून मऊ झालाय का, ते अंगठ्याने दाबून बघा. आरपार भोकांच्या कडेला आतून बाहेरून तडे नाहीत ना हे टॉर्च लावून पाहा, कारण वजन आणि ढकलगाडीचे दांडे तिथेच ताण देतात. रंग फिकट होऊन पृष्ठभाग खडूसारखा हाताला लागत असेल तर ती कित्येक वर्षं उन्हात पडली होती, अशी नको. उन्हात पट्ट्याने आवळल्यामुळे पडलेला खड्डा मात्र उन्हात सैल ठेवली की बऱ्याचदा आपोआप भरून येतो, त्याला घाबरू नका. शेवटी बुचाच्या भोकातून आत दोन बादल्या पाणी ओता, बूच लावा, कयाक पुढे-मागे कलती करा आणि तळाला खालून कोरडा हात फिरवा. हात ओला झाला तर ठिगळाचा विचार करू नका. या प्लास्टिकला साधा गोंद धरत नाही, ते वितळवून जोडावं लागतं, आणि तुम्हाला दुसरी कयाक मिळेलच.